भुलीतला ताप आणि टाक्यांचा ताप

ऑपरेशन ठरले की घरात धावपळ सुरू होते. पैशांची सोय कशी करायची, दवाखान्यात रात्री कोण थांबणार, रक्त लागलेच तर कोण देणार, शेतातले काम कोणाच्या भरवशावर टाकायचे, या सगळ्यांचा विचार होतो. वडनेर परिसरातील रुग्णाला आणखी एक प्रश्न असतो. गावच्या ग्रामीण रुग्णालयात भागेल, हिंगणघाटला न्यावे लागेल, की थेट सेवाग्राम किंवा सावंगी गाठावे लागेल? हे सारे प्रश्न योग्यच आहेत. मात्र एक प्रश्न बहुतेक घरांत कोणी कोणाला विचारत नाही. ‘आपल्या रक्ताच्या नात्यात भूल दिल्यावर कोणाला काही झाले होते का?’ हा तो प्रश्न. कधीकधी एखाद्याचा जीव याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. म्हणून आज शस्त्रक्रियेशी संबंधित दोन तापांची माहिती करून घेऊ या. एक ताप ऑपरेशनच्या टेबलावर चढतो, दुसरा ऑपरेशननंतर काही दिवसांनी येतो. पहिला अत्यंत दुर्मिळ, तर दुसरा नेहमी आढळणारा. दोन्हींत वेळेला फार महत्त्व आहे.

टेबलावर चढणारा ताप

पहिल्या तापाला वैद्यकशास्त्रात ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘भुलीचा घातक ताप’ म्हणू या. हा जंतूंमुळे येत नाही. काही व्यक्तींच्या स्नायूंत जन्मजात दोष असतो. एरवी ती व्यक्ती धडधाकट असते, शेतात राबते, खेळते, धावते. मात्र पूर्ण बेशुद्ध करण्यासाठी हुंगवले जाणारे काही वायू किंवा स्नायू ढिले करण्यासाठी दिले जाणारे एक विशिष्ट इंजेक्शन मिळाले की हा लपलेला दोष उसळून वर येतो.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात कशी आली, ते जाणून घेण्यासारखे आहे. सन 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात पाय मोडलेला 21 वर्षांचा एक विद्यार्थी रुग्णालयात दाखल झाला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलीची जास्त भीती वाटत होती. कारण त्याच्या नात्यातील दहा जण ईथरची भूल दिल्यानंतर दगावले होते. त्याला ईथरऐवजी त्या काळात नवीन असलेले हॅलोथेन देण्यात आले. तरीही थोड्याच वेळात त्याची नाडी धावू लागली, रक्तदाब उतरला, अंग निळसर पडले आणि तापू लागले. डॉक्टरांनी भूल ताबडतोब थांबवली, त्याला बर्फाने थंड केले आणि तो वाचला. डॉ. मायकल डेनबरो व त्यांचे सहकारी डॉ. लॉव्हेल यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. भुलीतले हे मृत्यू दैवाने होत नसून आनुवंशिक दोषाने होतात, हे त्यामुळे जगासमोर आले.

या विद्यार्थ्याने एक गोष्ट फार मोलाची केली. त्याने आपल्या घराण्यातील मृत्यूंची माहिती डॉक्टरांना आधीच सांगितली. त्यामुळे डॉक्टर सावध होते. ती माहिती कोणत्याही तपासणीच्या कागदावर लिहिलेली नव्हती, ती घरच्यांच्या आठवणीत होती.

शरीरात घडते काय?

आपला स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे एक कोठार असते. हुकूम आला की कोठाराचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर येते आणि स्नायू आवळतो. काम झाले की कॅल्शियम परत आत ओढले जाते आणि स्नायू सैल होतो. या आजारात दाराची घडणच सदोष असते. विशिष्ट औषध मिळताच ते उघडते आणि उघडेच राहते. मग रुग्ण निश्चल पडलेला असतानाही त्याचे स्नायू जणू जिवाच्या आकांताने धावत असतात. त्यातून भराभर उष्णता निर्माण होते, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्त आम्लयुक्त होते. पुढे स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतील पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवते. स्नायूंतील रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते.

नावात ‘ताप’ असला तरी अनेकदा तापाचा नंबर उशिरा लागतो. सुरुवातीला श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढतो, नाडी जलद होते, जबड्याचे किंवा हातापायांचे स्नायू ताठ होतात. म्हणूनच पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र महत्त्वाचे ठरते. एकदा ताप चढू लागला की मात्र तो काही मिनिटांत अंशा-अंशाने वाढत जातो. क्वचित हा प्रकार ऑपरेशन संपल्यावर लगेचच्या काळातही सुरू होतो.

हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे हुंगवण्याचे वायू आणि सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन अशा व्यक्तींना घातक ठरते. उलट पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन केलेली कमरेखालची भूल, एखादा भाग बधिर करण्याची औषधे, तसेच प्रोपोफॉल किंवा केटामीन यांसारखी शिरेतून देण्याची औषधे यांमुळे हा प्रकार होत नाही. म्हणजे घराण्यात हा दोष असला तरी ऑपरेशन टाळण्याचे कारण नाही. भूलतज्ज्ञांना आधी कळले, तर ते वेगळ्या औषधांनी सुरक्षितपणे भूल देऊ शकतात.

हे किती जणांना होते? दहा हजार भुलींत एक ते अडीच लाख भुलींत एक, असे निरनिराळे अंदाज आहेत. मात्र दोष अंगात असूनही कधीच त्रास न झालेल्या व्यक्ती त्याहून बऱ्याच जास्त असतात. मुले व तरुण यांच्यात हा प्रकार अधिक दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्वी दोन-तीन वेळा भूल घेऊन काहीही झाले नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, असे खात्रीने सांगता येत नाही.

विदर्भातील वाचकांना सिकलसेल हा आनुवंशिक आजार परिचित आहे. सिकलसेलचा आजार होण्यास आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. भुलीच्या घातक तापात बहुधा एकाच पालकाकडून आलेला दोष पुरेसा असतो. त्यामुळे प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून वडिलांच्या बाजूचे काका-आत्या आणि आईच्या बाजूचे मामा-मावशी या दोन्हींकडची माहिती लागते.

औषध आहे, पण हाताशी हवे

सुरुवातीच्या काळात हा ताप आलेल्या दर दहा रुग्णांपैकी सात-आठ दगावत असत. 1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हॅरिसन यांनी असाच दोष असलेल्या डुकरांवर डॅन्ट्रोलीन या औषधाचा प्रयोग केला आणि ते गुणकारी ठरले. हे औषध कॅल्शियमचे ते उघडे दार आवरून धरते. 1979 मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. हा प्रकार वेळीच ओळखून हे औषध दिल्यास मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास येते.

मात्र यात अडचणी आहेत. औषध महाग असते आणि क्वचितच लागते, त्यामुळे सगळ्याच रुग्णालयांत ते ठेवलेले नसते. नेहमीच्या प्रकारात एका कुपीत 20 मिलिग्रॅम औषध असते आणि ते 60 मिलिलिटर पाण्यात विरघळवावे लागते. वजनाच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम हा पहिला डोस धरला, तर 60 किलोच्या माणसाला एकदम आठ कुप्या लागतात. त्याच वेळी घातक वायू बंद करायचा, शुद्ध प्राणवायू द्यायचा, बर्फाने व थंड सलाईनने अंग निववायचे, रक्ताच्या तपासण्या करायच्या आणि ऑपरेशन लवकर आटोपायचे. इतके सगळे मोजक्या मिनिटांत करावे लागते. म्हणून संशय असलेल्या रुग्णाचे नियोजित ऑपरेशन सर्व सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयात, आधी सूचना देऊन करणे शहाणपणाचे ठरते.

हा दोष शोधण्याची खात्रीची जुनी चाचणी स्नायूचा ताजा तुकडा काढून करावी लागते आणि ती जगातील मोजक्या केंद्रांतच होते. रक्तावरून जनुकांची तपासणीही करता येते, पण तीत दोष सापडला नाही म्हणून धोका पूर्णपणे टळला असे नाही. सरसकट सर्वांची तपासणी करणे शक्य नाही. अशा वेळी घरच्यांनी दिलेली माहिती हीच पहिली तपासणी होय.

टेबलावरचा प्रत्येक ताप हा नव्हे

भुलीखाली ताप चढला की लगेच घातक तापाचा शिक्का मारता येत नाही. अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला मुलगा टेबलावर येतो तोच मुळी जंतुसंसर्गाचा ताप घेऊन. पू बाहेर काढताना जंतूंचे विष रक्तात मिसळून ताप आणखी वाढू शकतो. अशा मुलाच्या बाबतीत भूलतज्ज्ञांना क्षणाक्षणाला विचार करावा लागतो की हा ताप पोटातल्या पुवाचा की स्नायूंचा? श्वासातील कार्बन डायऑक्साइड, स्नायूंचा ताठरपणा, रक्तातील आम्ल आणि पोटॅशियम, लघवीचा रंग यांवरून ते अंदाज बांधतात. थायरॉइडचा जोर असलेल्या रुग्णातही असा ताप चढू शकतो. भुलीआधी दिल्या जाणाऱ्या अॅट्रोपीनसारख्या औषधाने घाम थांबतो. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात थिएटर तापलेले असेल तर लहान मुलांचे अंग गरम होऊ शकते. ‘ऑपरेशनआधी दोन दिवस ताप होता, पण गोळी देऊन उतरवला’ ही गोष्ट नातेवाईक अनेकदा सांगत नाहीत. ऑपरेशन पुढे ढकलले जाईल, अशी त्यांना भीती वाटते. पण ही माहिती दडवल्याने डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो.

दुसरा ताप : जखमेतील जंतू

आता नेहमी आढळणाऱ्या तापाकडे वळू. भूल आली 1846 मध्ये, बोस्टन शहरात ईथरच्या प्रयोगाने. ऑपरेशनची वेदना गेली, पण त्यानंतरही रुग्ण जखमेत पू होऊन दगावतच होते. 1865 पासून ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा स्वच्छ करण्यास सुरुवात केली आणि 1867 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाया तेव्हा घातला गेला.

आपल्या देशातील एक प्रसिद्ध शस्त्रक्रिया या संदर्भात आठवते. पुढे ज्यांच्यामुळे आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामचे नाव जगभर झाले, त्या महात्मा गांधींवर 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ते तेव्हा येरवडा तुरुंगात कैदी होते. कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी पुढे तेथे गळू झाल्याने प्रकृती सुधारायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा आणखी चार वर्षे अवकाश होता. शस्त्रक्रियेआधी गांधीजींनी डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास असल्याचे लेखी निवेदन सहीनिशी दिले होते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाचा डोस साधारणपणे चीर देण्याआधीच्या तासाभरात दिला जातो, म्हणजे चीर देताना औषध रक्तात पोचलेले असते. केस काढणे आवश्यकच असेल तर ते वस्तऱ्याने भादरण्याऐवजी कातरून काढतात, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. म्हणून ‘उद्या ऑपरेशन आहे’ म्हणून घरीच ब्लेडने केस काढू नयेत. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी प्रश्नांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, अॅलर्जी आहे का, प्रतिजैविक दिले का, असे साधे प्रश्न तीत आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. साधे प्रश्न विचारण्याचे आणि त्यांची खरी उत्तरे देण्याचे महत्त्व यावरून कळावे.

खर्रा आणि सिकलसेल

आपल्या भागात दोन गोष्टी खास सांगायला हव्यात. पहिली खर्ऱ्याची. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर ते काम अतिशय अवघड होते. शिवाय तंबाखूमुळे जखम भरायला उशीर लागतो आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ऑपरेशननंतर छातीत कफ साचून ताप येतो. नियोजित ऑपरेशनआधी निदान चार आठवडे तंबाखू, खर्रा, बिडी बंद ठेवावी. व्यसन डॉक्टरांपासून लपवू नये. भूलतज्ज्ञ ते रागावण्यासाठी विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. या रुग्णांना थंडी, पाण्याची कमतरता, प्राणवायूची कमतरता आणि जंतुसंसर्ग या चारही गोष्टी बाधतात आणि ऑपरेशनच्या वेळी नेमका त्यांचाच धोका असतो. तपासणीचे कार्ड असल्यास ते सोबत न्यावे. तपासणी झालेली नसेल तर तसे सांगावे.

भूलतज्ज्ञांना काय सांगावे?

1. रक्ताच्या नात्यात कोणी ऑपरेशनच्या टेबलावर किंवा भुलीनंतर लगेच दगावले असल्यास, ते कितीही वर्षांपूर्वीचे असो.
2. स्वतःला किंवा नातेवाइकाला भुलीनंतर खूप ताप, अंग ताठणे, जबडा आवळणे किंवा काळी लघवी झाली असल्यास.
3. कष्ट किंवा उन्हानंतर काळपट लघवी झाली असल्यास, लहानपणापासून स्नायू अशक्त असल्यास.
4. गेल्या आठवड्यात ताप, सर्दी, खोकला, गळू, लघवीची जळजळ झाली असल्यास.
5. चालू असलेली सर्व औषधे, औषधांची अॅलर्जी, सिकलसेल, मधुमेह, दमा, तंबाखूचे व्यसन.

‘तो भुलीतच गेला’ एवढेच बोलून आपल्याकडे विषय मिटवला जातो. दुःखाच्या गोष्टी उकरून काढू नयेत, असे मोठ्यांना वाटते. नवी सून किंवा जावई यांना तर त्या कळतच नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांनी पुढाकार घेऊन ही माहिती सांगावी. भुलीतला प्रत्येक मृत्यू या दोषामुळे होतो असे नाही, त्याची इतर कारणेही असतात. पण त्याचा निर्णय डॉक्टरांना करू द्यावा. जुने कागद असल्यास तेही दाखवावेत.

घरी परतल्यावर

ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत येणारा थोडा ताप बहुतेकदा शरीराच्या प्रतिक्रियेचा भाग असतो. टाक्यांच्या जंतुसंसर्गाचा ताप साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसतो आणि नेमका तेव्हा रुग्ण घरी परतलेला असतो. महिनाभर तरी जखमेवर लक्ष ठेवावे. हाडात सळई किंवा पट्टी बसवली असल्यास तीन महिने सावध राहावे.

ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, जखमेभोवती लाली, गरमपणा किंवा सूज वाढणे, पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी येणे, टाके उसवणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, ही लक्षणे दिसताच ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात परत जावे. श्वास जलद चालणे, लघवी कमी होणे, रुग्ण बडबडणे किंवा सुस्त पडणे ही लक्षणे दिसल्यास जंतूंचे विष रक्तात पसरल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जखमेवर हळद, राख, चुना, झाडपाल्याचा लेप लावू नये. दुकानातून ताप उतरवण्याच्या गोळ्या आणून चार दिवस काढू नयेत, कारण ताप उतरला तरी पू आत वाढतच राहतो. दिलेली औषधे सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावीत आणि ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

वाचकहो, हे वाचून भुलीची धास्ती घेऊ नये. आजची भूल पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे आणि भीतीपोटी ऑपरेशन टाळणे हेच बहुधा अधिक धोक्याचे ठरते. टेबलावरच्या तापाची काळजी भूलतज्ज्ञ घेतील, त्यांना लागणारी माहिती देणे आपले काम. घरच्या तापाची काळजी मात्र घरच्यांनीच घ्यायची आहे. ऑपरेशनची तारीख ठरेल त्या दिवशी घरातील आजी-आजोबांजवळ बसून वर दिलेली यादी वाचून दाखवावी आणि त्यांना आठवेल ते एका कागदावर लिहून घ्यावे. दवाखान्यात जाताना रिपोर्टच्या पिशवीत तो कागद सर्वांत वर ठेवावा.